मलावी: शेतीवर एवढा पैसा ओतूनही जानेवारीत कणग्या रिकाम्या का?

माळरान

नमस्कार मंडळी. आफ्रिकेतल्या शेतीचा विषय आपल्याकडे निघाला की गाडी 'दुष्काळ आणि मदत' या दोन शब्दांवरच थांबते. तिथल्या सरकारांनी स्वतः आखलेल्या योजना, त्यातलं काय जमलं, काय फसलं, यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. सगळा खंड एका धाग्यात मावणार नाही, एकच देश घेऊ: मलावी. महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडा मोठा, त्यातला पाचवा हिस्सा पाण्याखाली, कारण भलंमोठं सरोवर. लोकसंख्या दोन कोटींच्या वर. बहुतेक शेतकऱ्यांकडे हेक्टरभरही जमीन नाही. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, वर्षातून एकदाच. आणि दोन्ही वेळच्या ताटात मका.

२००३ मध्ये मापुटो इथे आफ्रिकी महासंघाच्या राष्ट्रप्रमुखांनी ठरवलं की प्रत्येक देशाने अर्थसंकल्पाचा किमान १० टक्के पैसा शेतीवर खर्च करायचा. बहुतेकांना ते पेललं नाही. मलावीने ते अनेक वर्षं पाळलं. २००५ पासून कूपनं वाटून खत-बियाण्यावर प्रचंड अनुदान दिलं, दोन वर्षांत झिम्बाब्वेला मका विकला, जगभर कौतुक झालं. त्याच मलावीत ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात ५७ लाख लोक तीव्र अन्नटंचाईत होते.

माझं मत सरळ मांडतो. तिथल्या नियोजनाने खताची पोती आणि मक्याचे टन मोजले. घरातले दाणे कोणत्या महिन्यात संपतात आणि त्यानंतर विकत घ्यायला हातात पैसा असतो का, हे योजनेच्या केंद्रस्थानी कधी आलंच नाही. तुम्हाला काय वाटतं?

कोरडवाहू

विषय उत्तम. पण २०२४ चा आकडा नियोजनाच्या माथी मारण्याआधी हवामान धरा. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावी धुऊन नेला आणि पुढच्याच हंगामात एल निनोने पीक करपलं. मार्च २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष चकवेरांना आपत्ती जाहीर करावी लागली. असल्या दोन तडाख्यांपुढे कुठलीही योजना कोलमडेल.

माळरान

@कोरडवाहू, तडाखे मान्य. पण वर्षातून एकच पाऊस असलेल्या देशात तो चुकणार हे गृहीत धरूनच योजना आखायला हवी ना? चांगल्या वर्षातही तिथे जानेवारी-फेब्रुवारीत लाखो घरांत धान्य नसतं.

निळावंती

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं लिलाँग्वेला, म्हणजे मलावीच्या राजधानीत होतो. मी तिथे बायकांच्या बचत गटांबरोबर काम करायचे, त्यामुळे जे जवळून पाहिलं ते लिहिते.

कापणी एप्रिल-मेमध्ये. तेव्हा मका स्वस्त, आणि नेमका तेव्हाच विकावा लागतो, कारण शाळेची फी, उसनवारी, दवाखाना सगळं थकलेलं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कणगी तळाला लागते. तिथल्या कणग्या अगदी आपल्यासारख्याच, विणलेल्या, खाली खांब, वर गवताचं छप्पर. तोच मका आता दुप्पट-तिप्पट भावाने विकत घ्यायचा. पैसे नसतील तर 'गन्यू'ला जायचं, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात रोजंदारी. मजुरी कधी रोख, कधी थेट टोपलीभर मका.

खरी गोम इथेच आहे. गन्यूचे दिवस म्हणजे डिसेंबर-जानेवारी, आणि स्वतःच्या शेतातली खुरपणी, खताचा दुसरा हप्ता हेही तेव्हाच. आमच्या गटातली एक बाई पहाटे दुसऱ्याच्या सऱ्या ओढायला जायची आणि तिचा स्वतःचा मका तणात बुडालेला असायचा. तिला कूपन मिळालं होतं, खतही मिळालं होतं. ते तिने उशिरा टाकलं, तणासकट. पुढच्या वर्षी उतारा कमी, कणगी आणखी लवकर रिकामी, गन्यू आणखी लवकर सुरू. खताचं पोतं या फेऱ्यात नुसतं येऊन पडतं, त्याने फेरा तुटत नाही.

म्हणून @माळरान यांच्याशी सहमत.

रोखठोक

स्पष्ट बोलतो. खत अनुदान ही मतांची योजना आहे. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका दणदणीत बहुमताने पुन्हा निवडून आले, त्यात या कूपनांचा वाटा मोठा होता. एकदा सुरू केली की कुठल्याही पक्षाला बंद करता येत नाही. २००८-०९ मध्ये जागतिक बाजारात खताचे भाव भडकले तेव्हा या एका योजनेने देशाच्या अर्थसंकल्पाचा जवळपास सहावा हिस्सा खाल्ला. मग कृषी संशोधन, विस्तार सेवा, रस्ते, सिंचन यांना उरणार काय? मापुटोचे १० टक्के कागदावर पूर्ण, पण त्यातला सिंहाचा वाटा परदेशातून आणलेल्या खताच्या बिलात गेला.

भ्रष्टाचाराचं तर विचारूच नका. २०२२ मध्ये खत खरेदीची आगाऊ रक्कम ब्रिटनमधल्या ज्या कंपनीला दिली ती मांसविक्रीच्या धंद्यातली निघाली. कृषिमंत्र्यांचं पद गेलं.

निळावंती

@रोखठोक, खर्चाबद्दल आणि घोटाळ्याबद्दल वाद नाही. पण 'मतांची योजना' म्हणून मोडीत काढू नका. २००१-०२ च्या हंगामात तिथे माणसं उपाशी मेली. माझ्या गटातल्या बायका ते वर्ष विसरलेल्या नव्हत्या. मक्याचा कोंडा, केळीचे कंद, रानातली मुळं, जे मिळेल ते खाल्लं होतं त्यांनी. त्यानंतर २००५ मध्ये पुन्हा पीक बुडालं, जेमतेम १२ लाख टन मका झाला. देणगीदार देश सरसकट अनुदानाच्या विरोधात होते. तरी सरकारने स्वतःच्या तिजोरीतून कूपनं काढली. ५० किलोची दोन पोती, पहिल्या वर्षी पोत्यामागे ९५० क्वाचा (तिथलं चलन) शेतकऱ्याचे, बाकी सरकारचे. २००६ मध्ये पाऊस चांगला झाला आणि उत्पादन २६ लाख टनांवर गेलं. एका गरीब देशाने, सगळे नको म्हणत असताना, आपल्या माणसांच्या तोंडात घास पडावा म्हणून घेतलेला तो निर्णय होता. मला तो योग्यच वाटतो.

विहीरमामा

मी कृषी खात्यात आयुष्य काढलं, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

पहिली गोष्ट, मलावीत अनुदान २००५ ला जन्मलं नाही. पहिले राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या काळातही खत-कर्जावर सवलत होती आणि धान्य खरेदीला 'ॲडमार्क' हे सरकारी महामंडळ, १९७१ चं. गावोगावी त्याची केंद्रं. पण त्याच महामंडळाने लहान शेतकऱ्यांकडून कमी भावात माल घेऊन तो नफा तंबाखूच्या मोठ्या मळ्यांकडे वळवला, हेही तितकंच खरं. पुढे आर्थिक सुधारणांच्या रेट्यात नव्वदच्या दशकात सवलती गेल्या, कर्ज गेलं. मग १९९८ ला 'स्टार्टर पॅक' आला: प्रत्येक शेतकरी कुटुंबाला चिमूटभर जमिनीपुरतं खत, दोन किलो मक्याचं बी आणि थोडं कडधान्याचं बी. माझ्या मते ती कल्पना जास्त शहाणी होती. कारण सगळ्यांना मिळायचं, वशिला लागत नव्हता, आणि त्यात कडधान्य होतं! दोन वर्षांनी तिला कात्री लावली आणि नेमका त्यानंतर दुष्काळ.

दुसरी गोष्ट जमिनीची. वर्षानुवर्षं मका, मक्यावर मका. सेंद्रिय कर्ब संपलेला, माती आम्लधर्मी. अशा जमिनीत युरियाचा किलो टाकून जेवढा मका यायला हवा तेवढा येत नाही. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या रानांचं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलंय. खताला प्रतिसाद देणारी जमीन हवी आणि ती तयार करायला शेंगवर्गीय पीक, शेणखत, बांधबंदिस्ती लागते. पोतं वाटणं सोपं आणि मोजायला सोपं. बांध कोण मोजणार?

सावळी

विहीरमामा, २००२ च्या उपासमारीत धान्याचा राखीव साठा विकून टाकला होता ना? त्याबद्दल कुणी लिहा.

माळरान

@सावळी, हो, आणि तो भाग नियोजनाच्या अंगाने फार शिकवणारा आहे. देशाकडे सुमारे १ लाख ६७ हजार टनांचा राखीव साठा होता. मका जुना होत चाललेला, तो कर्ज काढून घेतलेला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं म्हणणं पडलं की एवढा साठा परवडत नाही, ३० ते ६० हजार टनांवर आणा. प्रत्यक्षात जवळजवळ सगळाच विकला गेला. दोष कुणाचा यावर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या.

विक्रीचा निर्णय ज्या आकड्यांवर झाला तेही फसवे होते. मका कमी आलाय हे दिसत होतं, पण कसावासारख्या कंदांचं उत्पादन सरकारी अंदाजात फुगलेलं होतं. कागदावर बेरीज केली की उष्मांक पुरेसे! मका नसेल तर लोक कसावा खातील, असा हिशोब. सरोवराकाठच्या काही जिल्ह्यांत कसावा खातात, पण लिलाँग्वेच्या आजूबाजूला तो कुठून आणणार?

२००७ लाही तसंच. अंदाज ३० लाख टनांहून जास्त, म्हणून झिम्बाब्वेशी निर्यातीचा करार. २००८ उजाडताच मलावीत मक्याचे भाव चढायला लागले. कागदावर एवढा वाढावा असता तर असे चढले असते का?

कोरडवाहू

हा मुद्दा मात्र पटला. आकडेच चुकीचे असतील तर नियोजन आंधळं. आपल्याकडची नजर आणेवारी आठवली.

चिंच_गूळ

चर्चा गंभीर आहे पण माझा प्रश्न स्वयंपाकघरातला. निळावंतीताई, मक्याचं ते मुख्य जेवण नेमकं कसं करतात? आपल्या उकडीसारखं का?

निळावंती

@चिंच_गूळ, न्सिमा! पांढऱ्या मक्याचं पीठ लागतं, पिवळ्याला तिथे नाकं मुरडतात. आधी कोमट पाण्यात थोडं पीठ कालवून पातळ पेज शिजवायची. ती रटरटायला लागली की मूठ-मूठ पीठ घालत लाकडी उलथन्याने घोटायचं, हात दुखेपर्यंत. ओल्या चमच्याने त्याचे चपटे गोळे ताटात. सोबत 'न्दिवो', म्हणजे कालवण: भोपळ्याची पानं शेंगदाण्याच्या कुटात, किंवा 'उसिपा' नावाची सरोवरातली बारीक सुकी मासळी. आपल्या सुकटीची आठवण हमखास यायची.

आणि हे विषयाला धरूनच आहे. जुन्या गावठी मक्याचा दाणा काचेसारखा टणक. उखळात कांडला की कोंडा सुटा होतो, पांढरंशुभ्र पीठ निघतं आणि भुंगा लवकर लागत नाही. सुरुवातीच्या संकरित वाणांचा दाणा मऊ, कांडताना भुगा व्हायचा आणि कणगीत चार महिन्यांत पोखरून जायचा. बायका म्हणायच्या, पीक जास्त येतं ते विकायला, घरी खायला गावठीच. अधिकाऱ्यांना वाटायचं शेतकरी मागासलेले. पुढे संशोधकांनी टणक दाण्याचे संकरित वाण काढले तेव्हा लोकांनी ते घेतले. नियोजनाच्या बैठकीत कांडणारी बाई बसली असती तर हे दहा वर्षं आधी झालं असतं.

अंजनवेलकर

थोडं विषयांतर. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात 'मलावी हापूस' येतो, ठाऊक आहे का? कोकणातून नेलेल्या कलमांच्या बागा आहेत तिथे. आमच्या झाडांना मोहोर येत असतो तेव्हा त्यांचा आंबा पेटीत. चव चांगली, भाव डोळे पांढरे करणारा.

रोखठोक

@अंजनवेलकर, विषयांतर नाहीच हे. कुणीतरी मोठ्या बागाईतदाराने पाण्याची सोय करून परदेशी बाजार पकडला. तंबाखूवर परकीय चलनासाठी विसंबलेल्या देशाला असं वैविध्य हवंच आहे.

विहीरमामा

पण त्या बागेत पाणी आहे म्हणून ते जमलं. पाचवा हिस्सा गोड्या पाण्याचा देश आणि शेती जवळजवळ पूर्ण कोरडवाहू! शिरे नदीच्या खोऱ्यात कपिचिरा धरणाहून कालवा काढून सुमारे ४३ हजार हेक्टर भिजवायचा प्रकल्प चालू आहे. कल्पना जुनी, अनेक दशकं कागदावर होती.

तूरवाला_लातूर

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. आमचा डाळ मिलचा धंदा आहे. मलावीची तूर आमच्याकडे येते, म्हणून तिकडच्या बातम्यांवर लक्ष असतं.

विहीरमामा कडधान्य म्हणाले ते लाख मोलाचं. दक्षिण मलावीत मक्यात तूर पेरतात, 'नांदोलो' म्हणतात तिला. मका निघून गेला तरी तूर उभी राहते, कापणी थेट जुलै-सप्टेंबरात. जमिनीला नत्र, पालापाचोळा, चुलीला तुऱ्हाट्या आणि हातात रोख पैसा. विकायचा मका वाचतो. धाग्यात वर जो गन्यूचा फेरा सांगितला, तो मोडायला असा दुसरा हंगामी पैसाच हवा.

पण २०१७ ला काय झालं? आपल्याकडे २०१६-१७ ला तुरीचं विक्रमी पीक. हमीभाव बोनससकट क्विंटलला ५,०५० रुपये आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली. खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला, केंद्र बंद. आमच्या भागातल्या शेतकऱ्याने रात्री पोत्यांवर झोपून काढल्या. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्यासाठी तो निर्णय गरजेचा होता, मी त्याच्या विरोधात नाही. पण मलावी-मोझांबिकमध्ये तेव्हा ऐन काढणी चालू होती. त्यांच्या तुरीला भारताशिवाय मोठं गिऱ्हाईक नाही. भाव आपटले, सरकारने किमान भाव जाहीर केला तरी त्या भावाने घेणारा कुणी नव्हता. एकाच वर्षी लातूरचा आणि मलावीचा शेतकरी एकाच पिकात मेला.

सावळी

तूरवाला दादा, हे माहीतच नव्हतं. म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय योजनेत 'कडधान्य वाढवा' असं लिहिलं तरी भाव ठरतो दिल्लीत.

कोरडवाहू

मोझांबिकशी २०१६ मध्येच करार झाला होता ना?

तूरवाला_लातूर

हो, त्यामुळे मोझांबिकचा ठरलेला माल सुटला. मलावीकडे तेव्हा करार नव्हता. तो २०२१ मध्ये झाला: पाच वर्षं, वर्षाला ५० हजार टन. मोझांबिकचा २ लाख, म्यानमारचा १ लाख.

अदिस_ते_अकोला

मी इथिओपियात काही काळ होतो, म्हणून एक तुलना. तिथे २००५ मध्येच, म्हणजे मलावीने कूपनं काढली त्याच वर्षी, वेगळी वाट धरली गेली. दरवर्षी ज्यांना टंचाई येते अशा कुटुंबांना नेमाने काही महिने काम आणि त्याबदल्यात रोख किंवा धान्य. काही वर्षांत ७०-८० लाख लोक त्यात आले. कामं कुठली, तर डोंगरउतारावर बांध, चर, झाडं, रस्ते. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी केली तिच्याशी खूप साम्य. तिथे कष्टणाऱ्याला दुसऱ्याच्या रानात न जाता मजुरी मिळते. अडचणीही आहेत: मजुरी उशिरा मिळते, महागाईने तिची किंमत घटते, आणि २०२० नंतरच्या युद्धाने बरंच विस्कटलं. पण 'दाणे संपल्यावर काय' हा प्रश्न त्या योजनेच्या पोटातच आहे.

रोखठोक

@अदिस_ते_अकोला, हेच म्हणत होतो. अनुदानाचा पैसा इकडे वळवा.

निळावंती

एका झटक्यात वळवाल तर पुढच्या एप्रिलमध्ये मका कुठून येणार? २०२० च्या नव्या योजनेत ३७ लाख कुटुंबांना खत देऊ केलं, म्हणजे जवळपास सगळेच शेतकरी. ते पेललं नाही हे खरं. खत येतं बैरा, नकाला, दार-ए-सलामच्या बंदरांतून, डॉलर मोजून. २०२२ ला युक्रेनच्या युद्धामुळे भाव भडकले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं ४४ टक्के अवमूल्यन झालं. संख्या कमी करा, पण ज्यांच्याकडे थोडी जमीन आणि कष्टणारे हात आहेत त्यांचं खत काढू नका. ज्यांच्याकडे तेही नाही, म्हाताऱ्या आज्या, आजारी माणसं, त्यांना सरळ पैसे द्या.

माळरान

@निळावंती, 'कुणाला खत, कुणाला पैसे' ही विभागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आफ्रिकी महासंघाने २०१४ मध्ये मलाबो शहरातल्या बैठकीत २०२५ पर्यंत भूक संपवायचं ठरवलं होतं. २०२४ च्या आढाव्यात एकही देश त्या वाटेवर नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये कंपालाच्या बैठकीत पुढच्या दहा वर्षांचा नवा जाहीरनामा झाला. आता प्रत्येक देश आपली राष्ट्रीय योजना नव्याने लिहिणार. मलावीच्या योजनेत मला तीन आकडे जिल्हावार हवेत: किती घरांचं धान्य कोणत्या महिन्यात संपलं, त्या महिन्यात मक्याचा भाव काय होता, आणि राखीव साठ्यातून किती धान्य वेळेत बाहेर आलं.

विहीरमामा

चौथा घाला. किती शेतांत मक्याबरोबर शेंगवर्गीय पीक होतं. हा आकडा मोजायला लागलात की कृषी सहायक बांधावर जाईल. नाहीतर तो गोदामात पोती मोजत बसतो.

चिंच_गूळ

न्सिमा केली. घोटताना खरंच हात दुखले. शेंगदाण्याच्या कुटातली भोपळ्याची पानं घरात सगळ्यांना आवडली, मुलगी पुन्हा मागतेय.

सावळी

मग तुरीच्या बाबतीत आपण इथून काय मागायचं? मलावीच्या योजनेत आपल्याला बोलता येणार नाही, पण आपल्या आयात धोरणावर येईल.

तूरवाला_लातूर

मागायचं एकच. मलावीचा करार २०२१-२२ ते २०२५-२६ असा ठरला होता. तिकडे पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरात होते. पुढच्या वर्षी आपण किती तूर घेणार आणि शुल्क काय, हे ऑक्टोबरच्या आत जाहीर व्हावं आणि काढणी संपेपर्यंत बदलू नये. आपल्या शेतकऱ्याचं संरक्षण करायचं असेल तर आयातीच्या भावाला हमीभावाची तळरेषा लावा, म्हणजे लातूरची तूर पडणार नाही. मर्यादा घालायची असेल तर तीही आधीच सांगा, म्हणजे तो माणूस त्या रानात भुईमूग पेरेल. काढणीच्या तोंडावर दार लावू नका. आमच्या व्यापारी संघटनेच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. विहीरमामा, मसुदा तुम्ही बघून द्याल का?

विहीरमामा

पाठवा. पण त्यात आपल्या खरेदी केंद्रांच्या बारदान्याचाही मुद्दा घ्या, नाहीतर इथला शेतकरी म्हणेल, यांना मलावीचीच काळजी.

निळावंती

आणि मलावीच्या करारात गावपातळीवरच्या शेतकरी संघांकडून किती माल घ्यायचा हे लिहायला सांगा. नाहीतर ५० हजार टनांचा फायदा शहरातल्या दोन-चार निर्यातदारांच्या गोदामातच राहतो. मी तिथल्या गटातल्या मैत्रिणींना यंदाचा शेतावरचा भाव विचारते, मिळाला की इथे टाकते.